हाताला कळलं नाही

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव बोटांखालून सरकवले.
शाई सरकलेली, धागा चुकलेला, आकडा दोनदा पडलेला,
डोळ्याआधी अंगठ्याला कळायचं.
निरोपसमारंभात साहेब म्हणाले,
बर्डेंच्या हातून खोटं सुटत नाही.

मग बिटको चौकापलीकडच्या दवाखान्यात
निर्भवणे मॅडमनी डबी दिली.
"काका, यात औषध असेल किंवा नसेल.
मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही."
अकरा पानांवर सह्या केल्या,
माझं नाव झालं दोन एक सात.
मागे सुकदेव पाळदे उभा, तो दोन एक आठ.
एका शिफ्टची माणसं, एकाच गाड्यावरची मिसळ,
तर्री जादा.

पहिल्या रात्री गोळी दिव्याखाली धरली.
कडा पाहिली, वास घेतला, जिभेला टेकवली.
पाळदेची मागून आणली, शेजारी ठेवली.
दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवर एकच रेघ.
हाताला कळलं नाही.

दुसऱ्या महिन्यात माझ्या पोटऱ्या धरल्या.
पांडवलेणीच्या पायऱ्या अर्ध्यावर सोडल्या
आणि तिथेच बसून जाहीर केलं: माझी खरी.
दुखतंय म्हणजे काम करतंय.
पाळदे हसला, त्याला काहीच होत नव्हतं.
"मला पीठ दिलंय रे, पीठ.
तू शंभर जग, मला तेवढा पोचवायला ये."

सहा महिन्यांनी रक्त घ्यायचे.
कोलेस्टेरॉलचा आकडा आम्हाला दाखवत नसत,
बंद पाकिटात कुठेतरी जायचा.

चौथ्या वर्षी, ऐन थंडीत, जेल रोडच्या भाजीबाजारात
मेथीची जुडी हातात धरून पाळदे खाली बसला
तो बसलेलाच राहिला.
मी गेलो पोचवायला.
घरी येऊन आंघोळ केली, गोळी घेतली.
वेळ झाली होती.

पाच वर्षांनी पाकिटं फुटली.
मॅडमनी यादी माझ्याकडे फिरवली,
खालची ओळ बोटाने झाकायची राहून गेली.
दोन एक सात: पीठ.
दोन एक आठ: औषध.

म्हणजे पोटऱ्या पाच वर्षं दुखल्या
त्या पिठाने.

"मग औषधच खोटं का?"
त्यांनी कागदाच्या पाठीवर ठिपके काढले.
औषधाकडचे शंभर, तिघांना झटका.
पिठाकडचे शंभर, पाच जणांना.
"शंभरात दोघं वाचले, काका.
कोण ते दोघं, सांगता येणार नाही.
त्यांनाही नाही."

हिशेब मला पटला. प्रेसचा माणूस मी,
एक ताव बाद झाला म्हणून कुणी थप्पी जाळत नाही.
पण तावाला बायको नसते.

सिंधूवहिनी दारातच थांबल्या होत्या.
"भावजी, यांना कुठली होती हो?
पुतणीच्या लग्नात, ओझरला, दोन रात्री
मी डबी घरीच विसरले होते.
कुणाला बोलले नाही."

ठिपके खिशात होते.
दोन रात्रींनी काय होतं, वहिनी,
हजारो रात्रींच्या पुढे,
असं तोंडाशी आलं, आणि त्या मला कशा पाहत होत्या ते दिसलं.

"पीठ," मी म्हणालो. "पीठच होतं."

त्यांनी पदराने उंबरा पुसल्यासारखं केलं
आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आता मी खरी गोळी घेतो, रोज, जेवणानंतर.
पाकिटावर नाव आहे, किंमत आहे, तारीख आहे.
पोटऱ्या अजिबात दुखत नाहीत.
तरी रात्री दिव्याखाली धरून बघतो एकदा.